अतिशीत आरसे आणि औष्णिक गोंगाट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळा-कॉलेजांत गुरुत्वीय लहरींवर, म्हणजे अवकाशाला किंचित ताणत-आकसत जाणाऱ्या लाटांवर, बोलायला गेलं की कृष्णविवरांचे प्रश्न लवकर संपतात आणि आरशांचे सुरू होतात. श्रोत्यांत रबाळे-महापे भागातल्या कारखान्यांत काम करणारी मंडळी असली तर हमखास. पदार्थ कोणता, थर किती जाड, थंड कसं करता, धूळ कशी टाळता, असं ते नेमकं विचारतात. हेच प्रश्न मला जास्त मोलाचे वाटतात, कारण पुढच्या दुर्बिणी कुठवर ऐकू शकतील हे या आरशांवरच ठरणार आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

औष्णिक गोंगाट म्हणजे नेमकं काय?

निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या कमीत कमी तापमानाच्या, वर असलेल्या प्रत्येक वस्तूतले अणू थरथरत असतात. घन पदार्थात ते जागा सोडत नाहीत, पण जागच्या जागी हलतात. त्यामुळे आरशाचा पृष्ठभाग कधीच पूर्ण स्थिर नसतो. ही हालचाल मोजमापात मिसळते, तिलाच औष्णिक गोंगाट म्हणतात.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. पुढचा मुद्दा मात्र सावकाश समजून घ्यायला हवा, कारण सगळा विषय त्यावर उभा आहे. एकूण थरथर किती हे तापमान ठरवतं, पण ती कोणत्या वारंवारतेला जाऊन बसेल हे पदार्थाचं आंतरिक घर्षण ठरवतं. आंतरिक घर्षण म्हणजे हलणाऱ्या पदार्थाची ऊर्जा त्याच्या आतच जिरून जाण्याचं प्रमाण. ते अगदी कमी असेल तर जवळजवळ सगळी थरथर आरशाच्या स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतांवर गोळा होते. त्या असतात काही हजार हर्ट्झवर. आपल्याला मोजायचं असतं शंभर हर्ट्झच्या आसपास, आणि तिथे शांतता राहते. घर्षण जास्त असेल तर तीच थरथर सगळीकडे पसरते आणि आपल्या पट्ट्यातही शिरते. ऊर्जा जिरणं आणि आपोआप होणारी थरथर यांचं हे नातं कॅलन आणि वेल्टन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये सर्वसाधारण स्वरूपात सिद्ध केलं.

आरसा इतका स्थिर हवाच कशाला?

लायगो ही अमेरिकेतली गुरुत्वीय लहरींची दुर्बीण. तिच्या लांब भुजांमध्ये आरसे टांगलेले असतात आणि लहर गेली की त्यांच्यामधल्या अंतरात पडणारा फरक लेझरने मोजला जातो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोने पहिली गुरुत्वीय लहर टिपली तेव्हा ४ किलोमीटर लांबीच्या भुजेत पडलेला फरक साधारण १० च्या उणे १८ व्या घाताइतके मीटर होता. प्रोटॉनचा व्यास याच्या हजारपटीहून मोठा असतो. लेझरचा किरण आरशावर काही सेंटिमीटर रुंद पडतो, त्यामुळे एकेका अणूची थरथर सरासरीत विरून जाते. त्यानंतरही जी थरथर उरते, ती मोजमापाच्या आड येते.

चाळीस किलोच्या आरशावर कोटिंग, म्हणजे प्रकाश परतवणारा थर, असतो काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मग गोंगाटाचा सगळा दोष कोटिंगलाच का देतात?

ही शंका रास्त आहे. १९९० च्या दशकात या क्षेत्रातल्या लोकांचंही लक्ष आरशाच्या गाभ्याकडे आणि त्याला टांगणाऱ्या तारांकडेच होतं. १९९८ मध्ये युरी लेव्हिन यांनी गणिताची एक सरळ पद्धत मांडली. आरशावर किरण जिथे पडतो तिथे, किरणाच्याच आकाराचा दाब हळूहळू कमी-जास्त करतोय अशी कल्पना करायची आणि त्यात किती ऊर्जा जिरते ते मोजायचं. तेवढ्यावरून गोंगाट निघतो. या हिशेबात एक गोष्ट लख्ख दिसली. ऊर्जा जिरण्याची जागा किरणाच्या जितकी जवळ, तितका तिचा गोंगाटातला वाटा मोठा. आणि कोटिंग तर थेट किरणाच्या समोर असतं.

आता आकडे बघू. लायगोचा आरसा शुद्ध वितळलेल्या सिलिकाचा, म्हणजे फ्यूज्ड सिलिकाचा आहे. व्यास ३४ सेंटिमीटर, जाडी २० सेंटिमीटर. या काचेचं आंतरिक घर्षण दहा कोटींत एक भाग किंवा त्याहून कमी. कोटिंगमध्ये सिलिका आणि टायटॅनियम मिसळलेलं टँटलम ऑक्साइड यांचे एकाआड एक थर असतात. लेझरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. प्रत्येक थर साधारण पाव तरंगलांबीचा, त्यामुळे सिलिकाचा थर सुमारे १८० नॅनोमीटर आणि टँटलम ऑक्साइडचा १३० च्या आसपास. भुजेच्या टोकाच्या आरशावर हे सगळं मिळून सुमारे ६ मायक्रॉन होतं. टँटलम ऑक्साइडच्या थरांत घर्षण दहा हजारांत दोन ते चार भाग. म्हणजे गाभ्यापेक्षा दहा हजार पटींहून जास्त. जाडी नगण्य असली तरी जागा नेमकी नको तिथली आणि घर्षण इतकं वरचढ, त्यामुळे आरशाच्या गोंगाटात कोटिंगच पुढे येतं.

हे वर्गात दाखवता येईल का?

येईल. पातळ काचेचा दांड्याचा पेला घ्या, काठावर लाकडी चमच्याने हलकेच टिचकी मारा आणि आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग काठाच्या बाहेरच्या बाजूला बोटाएवढी चिकटपट्टी लावून तेच करा. सूर जवळपास तोच राहतो, पण घुमणं झटकन संपतं. पट्टीचं वजन पेल्याच्या मानाने काहीच नसतं; काच जिथे जास्त हलते तिथे ती बसलेली असते आणि तिच्यातला डिंक ऊर्जा गिळतो. पट्टी काठाऐवजी दांड्याला लावली तर फारसा फरक पडत नाही. आठवी-नववीची मुलं हा प्रयोग स्वतः करतात, आणि जागेचं महत्त्व त्यांना लेव्हिनच्या समीकरणाशिवाय कळतं.

मग आरसा सरळ थंड करायचा. प्रश्न मिटला की नाही?

नाही. आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

कोटिंगमुळे होणारी थरथर तापमान, आंतरिक घर्षण आणि कोटिंगची जाडी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, आणि किरण जितका रुंद तितकी कमी होते. खोलीचं तापमान ३०० केल्विन धरू (केल्विन म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेले अंश). आरसा २० केल्विनपर्यंत उतरवला तर तापमान १५ पट कमी झालं, पण वर्गमुळामुळे थरथर जेमतेम चौपट कमी होते. १२३ केल्विनला तर फक्त दीडपट. एवढ्या खटाटोपानंतर हाती हे लागतं, आणि तेही घर्षण बदललं नाही तर. घर्षण १५ पट वाढलं की सगळा फायदा वाहून गेला.

ते तसं वाढतंही. काचेसारख्या अस्फटिक पदार्थांत अणूंची रचना विस्कळीत असते. काही अणूंना बसायला शेजारी-शेजारी दोन जवळजवळ सारख्या जागा मिळतात आणि ते एकीतून दुसरीत उडी मारत राहतात. तापमान बदललं की या उड्यांचा वेग बदलतो. तो मोजमापाच्या वारंवारतेशी जुळला की ऊर्जा धडाधड जिरते. खोलीच्या तापमानाला जगातल्या सर्वात शांत पदार्थांत गणली जाणारी फ्यूज्ड सिलिका ३० ते ५० केल्विनच्या पट्ट्यात एकदम बिघडते. तिचं घर्षण हजारात एकच्या घरात जातं. म्हणजे लायगोचा आहे तोच आरसा थंड केला तर तो शांत व्हायच्या ऐवजी आणखी गोंगाट करू लागेल.

टँटलम ऑक्साइडच्या कोटिंगची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. काही मोजमापांत २० केल्विनच्या आसपास घर्षणाचा उंचवटा स्पष्ट दिसला, तर काहींत घर्षण खोलीच्या तापमानापासून खाली फारसं बदललंच नाही. थर कसे साचवले, नंतर किती अंशांना भाजले, त्यात काय मिसळलं, यावर बरंच अवलंबून असतं. त्यामुळे खोलीच्या तापमानाला उत्तम ठरलेल्या कोटिंगला थंडीत पुन्हा पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागते. थंडीने कामाचा एक भाग होतो; दुसरा, आणि माझ्या मते अवघड भाग पदार्थाकडेच राहतो.

थंडीत चालणारा गाभा कशाचा करतात?

स्फटिकाचा. स्फटिकात अणूंच्या जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे वर सांगितलेल्या उड्यांना वाव जवळजवळ नसतो आणि थंडीत घर्षण वाढण्याऐवजी कमी होतं. सध्या दोन पदार्थ आघाडीवर आहेत.

पहिला नीलम, म्हणजे कृत्रिम सफायर. जपानच्या कागरा दुर्बिणीचे मुख्य आरसे नीलमाचे आहेत. प्रत्येकी सुमारे २३ किलो, व्यास २२ सेंटिमीटर. दुसरा सिलिकॉन. युरोपच्या नियोजित आइनस्टाइन टेलिस्कोपच्या थंड भागात तो १० ते २० केल्विनच्या दरम्यान वापरायचा विचार आहे. सिलिकॉन १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश शोषून घेतो, म्हणून लेझरही बदलावा लागतो. १५५० किंवा २००० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश त्याच्यातून आरपार जातो.

१२३ केल्विन हा आकडा सारखा का ऐकू येतो?

सिलिकॉन थंड करत गेलं की तो आकुंचन पावतो, पण साधारण १२३-१२४ केल्विनला त्याचा प्रसरणांक शून्य होतो. त्या बिंदूला तापमान किंचित इकडेतिकडे झालं तरी लांबी बदलत नाही. पदार्थात उष्णतेचे जे बारीक चढउतार आपोआप होतात, त्यांच्यामुळे पृष्ठभाग फुगण्या-दबण्याचा एक वेगळा गोंगाट असतो. तो गाभ्यापुरता इथे नाहीसा होतो. १८ केल्विनच्या आसपास असा आणखी एक शून्यबिंदू आहे.

दुसरं कारण रोखठोक व्यवहाराचं आहे. लेझरची थोडी उष्णता आरशात शिरतेच. भुजेत एक मेगावॉट प्रकाश खेळत असेल आणि त्याचा दशलक्षांश भाग जरी शोषला गेला, तरी एक वॉट उष्णता बाहेर काढावी लागते. निर्वातात टांगलेल्या आरशाभोवती उष्णता वाहून न्यायला हवा नसते. उरतात दोन वाटा, किरणोत्सर्जन आणि टांगलेल्या तारा. पूर्ण काळा पृष्ठभाग १२३ केल्विनला दर चौरस मीटरमागे जास्तीत जास्त १३ वॉट उष्णता फेकू शकतो. २० केल्विनला तोच आकडा वॉटच्या शंभराव्या भागाहूनही कमी. म्हणजे १२३ केल्विनला आरसा नुसता थंड कवचाच्या आत टांगून चालतं. २० ला मात्र उष्णता तारांमधूनच खेचावी लागते.

लायगोच्या पुढच्या टप्प्यासाठी मांडलेल्या व्हॉयेजर आराखड्यात म्हणूनच सुमारे २०० किलोचे सिलिकॉनचे आरसे १२३ केल्विनला ठेवायची कल्पना आहे. थंडीचा फायदा दीडपटच, पण स्वच्छ. बाकीचा फायदा चांगल्या कोटिंगमधून मिळवायचा. मला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो.

कागराने २० केल्विनचं काम कसं बसवलं?

आरसा ज्यांना टांगला आहे त्या नीलमाच्याच कांड्या, १.६ मिलिमीटर जाड. लायगोच्या काचेच्या तारा ०.४ मिलिमीटरच्या आहेत. जाडी चौपट, कारण या कांड्यांना वजनाबरोबर उष्णताही वाहायची असते. शुद्ध नीलमाची उष्णतावाहकता २०-३० केल्विनच्या आसपास तांब्याच्या नेहमीच्या वाहकतेच्या कितीतरी पट होते, म्हणून हे जमतं. आरसा ज्यांच्याखाली टांगला आहे त्या वरच्या वजनांपासून शीतकापर्यंत अतिशुद्ध ॲल्युमिनियमच्या बारीक तारांचे झुबके जातात. इतके लवचीक, की शीतकाची थरथर खाली उतरू नये. सगळं कामिओकाच्या खाणीत डोंगराखाली आहे. थंडीमुळे औष्णिक गोंगाट खरोखर घटतो, हे त्याच खाणीतल्या १०० मीटर भुजांच्या क्लिओ या प्रायोगिक यंत्राने आधी दाखवून दिलं होतं.

कागराची वाट सोपी मात्र नव्हती. २०२० मध्ये जर्मनीच्या जिओ-६०० या दुर्बिणीबरोबर केलेल्या पहिल्या संयुक्त निरीक्षणात आरसे २० केल्विनवर नव्हते. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपाने यंत्राचं नुकसान केलं आणि दुरुस्तीत बराच काळ गेला.

निर्वातातही आरशावर बर्फ धरतो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. ठाण्यात पावसाळ्यात दमट हवेशी झगडणाऱ्यांना हे लगेच पटतं, पण इथे हवा नसतानाही तेच घडतं. कागराच्या ३ किलोमीटरच्या निर्वात नळ्या खोलीच्याच तापमानाला असतात. त्यांच्या पोलादी भिंतींना चिकटलेले पाण्याचे रेणू वर्षानुवर्षं सुटत राहतात. वाटेत अडवायला दुसरा रेणू नसल्याने ते सरळ उडत येतात आणि समोरच्या थंड आरशावर आपटून तिथेच बसतात. दिवसामागून दिवस हा थर नॅनोमीटर-नॅनोमीटरने चढतो.

थर कितीही पातळ असो, तो कोटिंगचाच एक न मागितलेला भाग होतो. मोजून बसवलेल्या पाव तरंगलांबीच्या थरांवर एक चुकीच्या जाडीचा थर आला की परावर्तन बदलतं. असा बर्फ अस्फटिक असतो, त्यामुळे त्याचं स्वतःचं घर्षणही गोंगाटात भर घालतं. वर तो प्रकाश शोषतो आणि आरसा तापतो. उपाय म्हणून आरशाच्या अलीकडे नळीचा लांब तुकडा थंड ठेवून रेणू वाटेतच पकडतात. इन्फ्रारेड लेझरने थर हलकेच उडवण्याचे प्रयोगही झाले आहेत. सगळा आरसा गरम करून पुन्हा थंड करायचा तर कित्येक आठवडे जातात.

टँटलम ऑक्साइडला पर्याय काय?

तीन दिशांनी काम चालू आहे.

अस्फटिक सिलिकॉन हा पहिला. त्याचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचं माप) ३.५ च्या आसपास, त्यामुळे कमी आणि पातळ थरांत तेवढंच परावर्तन मिळतं. घर्षणही कमी, आणि तापवलेल्या पायावर साचवला तर आणखी कमी. अडचण एकच, तो प्रकाश जास्त शोषतो. त्यावर काढलेली एक युक्ती मला फार आवडते. प्रकाश कोटिंगमध्ये खोल जाता जाता क्षीण होत जातो. मग वरचे काही थर सिलिका आणि टँटलम ऑक्साइडचे ठेवायचे, जे प्रकाश जवळजवळ शोषत नाहीत. आणि प्रकाश मंदावल्यावर खालचे थर अस्फटिक सिलिकॉनचे द्यायचे, जे शांत असतात. प्रत्येक पदार्थाला त्याचा दोष जिथे कमी नडेल तिथे बसवायचं.

दुसरी दिशा स्फटिकी कोटिंगची. गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम मिसळलेलं गॅलियम आर्सेनाइड यांचे थर एकेक अणूच्या शिस्तीने वाढवायचे, मग मूळ पायावरून सोडवून आरशावर चिकटवायचे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात खोलीच्या तापमानालाच घर्षण नेहमीच्या कोटिंगच्या दहा पट कमी आलं, आणि थंडीत ते आणखी घटतं. पण हे थर ज्या स्फटिकाच्या चकतीवर वाढवतात ती लायगोच्या ३४ सेंटिमीटरच्या आरशाला पुरेल एवढी मिळत नाही. शिवाय अलीकडे अशा आरशांत एक नवा गोंगाट सापडला आहे; त्यांतून परतणाऱ्या प्रकाशाच्या दोन ध्रुवणांत (कंपनाच्या दोन दिशांत) बारीक, बदलता फरक पडतो. त्याचं मूळ शोधण्याचं काम चालू आहे.

तिसरी दिशा मिश्रणांची. टायटॅनियम मिसळलेलं जर्मेनियम ऑक्साइड नीट भाजलं की खोलीच्या तापमानाला टँटलमपेक्षा शांत राहतं. ते लायगोच्या सुधारणांसाठी पुढे आलं आहे.

इतकं बारीक घर्षण मोजतात कसं?

पेल्याच्या प्रयोगासारखंच. पातळ चकती निर्वातात एका बिंदूवर तोलायची, विद्युतक्षेत्राने तिला झंकारायला लावायचं, आणि झंकार विरायला किती वेळ लागतो ते बघायचं. हजार हर्ट्झचा सूर असेल आणि घर्षण दहा हजारांत एक, तर साधारण ३ सेकंदांत तो एक-तृतीयांशाच्या आसपास येतो. घर्षण दहा कोटींत एक असेल तर तेवढंच विरायला जवळपास ९ तास लागतात. आधी उघड्या चकतीचं मोजमाप, मग कोटिंग करून त्याच चकतीचं. फरकातून कोटिंगचं घर्षण निघतं. थंडीत हे करताना प्रत्येक तापमानाला थांबून, सगळे सूर पुन्हा वाजवून पाहावे लागतात.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात व्हॅक्यूम कोटिंग होतं. तिथे असं कोटिंग का होऊ नये?

तत्त्व तेच आहे. निर्वात पेटी, ज्या पदार्थाचा थर हवा त्याचा तुकडा (टार्गेट), त्यावर आयनांचा मारा, समोरच्या वस्तूवर थर. नळावरचा सोनेरी मुलामा किंवा चष्म्याच्या भिंगावरचं कोटिंग करणाऱ्याला ही यादी अनोळखी नाही. फरक कसोटीत आहे. थर फार सावकाश चढवावा लागतो, ३४ सेंटिमीटरभर जाडी एकसारखी हवी, शोषण दशलक्षात एक भागाच्या आत हवं, आणि एखाद्या मायक्रॉनचा कणही चालत नाही. लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो या दुर्बिणींच्या आरशांवरचं कोटिंग फ्रान्समधल्या लिओंच्या एका प्रयोगशाळेत झालं, कारण एवढ्या मोठ्या आरशांवर हे करू शकणाऱ्या जागा जगात बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. पण निर्वात यंत्रणा सांभाळणं, गळती शोधणं, थराची जाडी चालू कामात मोजणं ही कौशल्यं आपल्याकडे रोज वापरली जातात, आणि सुरुवात त्यांच्यापासूनच होते. या कामात वर्षं काढलेल्या माणसाने स्वतःला विज्ञानाच्या बाहेरचं समजू नये.

लायगो-इंडियाचे आरसे थंड असतील का?

नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ४ किलोमीटरच्या भुजा, फ्यूज्ड सिलिकाचे आरसे, खोलीचं तापमान, सगळं अमेरिकेतल्या लायगोच्याच आराखड्याचं. बांधकामाची जबाबदारी असलेलं अणुऊर्जा विभागाचं संचालनालय वाशीहून खाडीपलीकडे अणुशक्तीनगरला आहे. शिवाय पुण्याचं आयुका, इंदूरचं आरआरकॅट आणि गांधीनगरचं आयपीआर या संशोधनसंस्था यात आहेत.

मुलीला या विषयात पुढे जायचं आहे. काय शिकावं?

बीएस्सीला भौतिकशास्त्र घेतलं तर उत्तम, पण पदार्थविज्ञान किंवा मेकॅनिकल इंजिनीअरिंगमधूनही वाट आहे. या क्षेत्राला खगोलशास्त्रज्ञांइतकीच अस्फटिक पदार्थ समजणाऱ्यांची गरज आहे. तिला सांख्यिकी भौतिकी मन लावून शिकू द्या, आणि कॉलेजात निर्वात पंप किंवा द्रव नायट्रोजन हाताळायची संधी आली तर सोडू देऊ नका. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणजे १२३ केल्विनचा प्रयोग करायला तो पुरतो. सिलिकॉनची लहान चकती, एक निर्वात पेटी आणि संयम एवढ्या सामग्रीवर पदव्युत्तर पातळीचं खरं मोजमाप होऊ शकतं. ते करताना अडलं तर हे पान पुन्हा वाचण्यापेक्षा प्रश्न लिहून पाठवा. त्याचं उत्तर इथे वाढवलं जाईल.